दिव्याची पेटी : मावळ, १९५७

निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल हे काही वाचनसुखासाठी छापलेले नाहीत. मतदारसंघाचे नाव, त्याखाली उमेदवार, त्यांचे पक्ष आणि मते एवढेच त्यात असते. पानामागून पाने तेच. पिंपरी-चिंचवडला कारखाने येण्याआधी हा सगळा परिसर कोणाला मत देत होता, या एका प्रश्नापायी मी या पानांच्या नादी लागलो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. कारखान्यातली पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे जमले तेवढाच माझा अभ्यास. मात्र १९५७च्या मुंबई राज्याच्या अहवालात ‘मावळ’ या नावाशी मी थांबलो तो बराच काळ थांबलो. विजयी उमेदवार : रामचंद्र काशिनाथ म्हाळगी. पक्ष : भारतीय जनसंघ.

त्या वर्षी मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. जनसंघाला मिळाल्या ४. त्यातली एक मावळची.

आज हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही. मावळ म्हटले की भाजपचा जुना बालेकिल्ला, असे समीकरण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पक्के झाले आहे, आणि म्हाळगींचा विजय त्या बालेकिल्ल्याची पायाभरणी म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. १९५७च्या मावळात उजव्या पक्षाचा उमेदवार निवडून येणे ही सरळ वाढीची पहिली पायरी नव्हती. ते एक विलक्षण जुळून आलेले गणित होते आणि पुढच्याच निवडणुकीत ते मोडले. कसे जुळले आणि कसे मोडले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी प्रदेश. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा तालुका. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्या, भाताची खाचरे, लोहगड-विसापूर, कार्ले-भाजे. तळेगाव दाभाडे, वडगाव आणि लोणावळा ही त्यातल्या त्यात मोठी गावे. बाकी सारा कुणबी-मराठा शेतकरी, धनगर, ठाकर, महादेव कोळी यांचा मुलूख. पूर्वेला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४मध्ये उभा राहिला होता; पण औद्योगिक महामंडळ स्थापन व्हायला अजून पाच वर्षे होती आणि चाकण हे कांद्याच्या बाजारामुळे नि संग्रामदुर्गामुळे ओळखले जाणारे गाव होते. गो. नी. दांडेकर तळेगावात राहत, आणि पवनेच्या काठावरचा माणूस गडाशी आणि मातीशी किती घट्ट बांधलेला होता हे त्यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’त आहेच.

आता उमेदवार. रामभाऊ म्हाळगी यांचा जन्म १९२१ सालचा, खेड तालुक्यातल्या कडूसचा. म्हणजे आजच्या चाकण पट्ट्याच्या अगदी शेजारचा. शिक्षण पुण्यात, वकिलीची पदवी, संघाचे काम, आणि १९५१मध्ये जनसंघ स्थापन झाल्यावर महाराष्ट्रात त्याची बांधणी करणाऱ्या पहिल्या फळीतले नाव. वय छत्तीसच्या आत. जातीने ब्राह्मण.

हा शेवटचा तपशील आजच्या वाचकाला उगाच घातलेला वाटेल. १९५७मध्ये तो पहिला तपशील होता. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८च्या फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ब्राह्मणांची घरे जळाली, अनेक कुटुंबे गाव सोडून शहरात आली. संघावर बंदी आली, ती १९४९च्या जुलैत उठली. या साऱ्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. संघाच्या ब्राह्मण कार्यकर्त्याने ग्रामीण, बहुजन मतदारसंघात उभे राहायचे आणि लोकांनी त्याला निवडून द्यायचे, हे साध्या हिशेबात बसत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. मुंबई कुळकायद्याची १९५६ची दुरुस्ती मंजूर झालेली होती आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला होता. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले जाणार होते. मतदान झाले फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे काँग्रेसच्या हातात जमिनीसारखा हुकमाचा पत्ता होता आणि तो उघडायला काही आठवडेच उरले होते. ज्यांची जमीन कुळांकडे जाणार होती त्यांत ब्राह्मण मालकांचे प्रमाण लक्षणीय होते. कोणत्याही धूर्त प्रचारकाने यावरून ‘भटजी परत आला तर जमीन जाईल’ एवढे एकच वाक्य मावळभर फिरवले असते, तर निकाल लागला असता असे वाटते. तरीही काँग्रेस हरली.

कारण त्या वर्षी मत जमिनीवर नव्हते, जातीवर नव्हते आणि पक्षावर तर नव्हतेच. ते मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रावर होते.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. नुसते हे एक वाक्य नीट वाचले तरी त्या काळाचा चमत्कार कळतो. १९२५मध्ये जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे टिळक-चिपळूणकरांवर तुटून पडणारे पुस्तक प्रकाशित करणारे हेच जेधे, ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातले बिनीचे पुढारी. ते टिळकांच्या स्मारकात अध्यक्षस्थानी, आणि समोर समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदू महासभा आणि जनसंघ. एरवी एकमेकांच्या सभा उधळणारी ही मंडळी. मुंबईतला गोळीबार, त्यातले हुतात्मे आणि १ नोव्हेंबर १९५६ला माथी मारलेले द्विभाषिक राज्य यांनी त्यांना एका सतरंजीवर बसवले.

या सतरंजीवर सर्वांत अवघडून बसलेला पक्ष जनसंघच असणार. भाषेच्या पायावर राज्ये पाडणे त्याच्या मूळ भूमिकेत बसत नव्हते. देशाला संघराज्य नव्हे, एकात्म राज्यव्यवस्था हवी, प्रांताभिमान वाढला की राष्ट्र दुबळे होते, ही त्याची आणि त्यामागच्या संघाची मांडणी होती. गोळवलकर गुरुजी ती जाहीरपणे मांडत होते. आणि महाराष्ट्रातली शाखा मात्र मराठी भाषकांच्या राज्यासाठी डांगे-अत्र्यांच्या व्यासपीठावर. पक्षाच्या बाजूने याचे समर्थन करता येते : द्विभाषिक हा अन्याय होता, आणि अन्यायाविरुद्ध उभे राहताना तत्त्वाची फूटपट्टी लावत बसायचे नसते. मला वाटते, खरे कारण याहून साधे आहे. महाराष्ट्रात राहून त्या वर्षी समितीबाहेर उभा राहिलेला पक्ष संपला असता. पुण्यासारख्या ठिकाणी काकासाहेब गाडगीळ हे स्वतः मुंबईसह महाराष्ट्राच्या बाजूने लोकसभेत बोललेले नेते. पण ते काँग्रेसमध्ये राहिले म्हणून नानासाहेब गोऱ्यांकडून हरले. जिथे गाडगीळांची गय झाली नाही, तिथे जनसंघाची कोणी केली असती?

समितीने जागा वाटून घेतल्या आणि मावळ जनसंघाच्या वाट्याला आली. पण समितीला स्वतःचे चिन्ह नव्हते. प्रत्येक घटक पक्ष आपापल्या चिन्हावर लढत होता. हा मुद्दा आज कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण आपल्याला यंत्रावरच्या बटणांची सवय. १९५२ आणि १९५७च्या निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. मतदान केंद्राच्या आडोशात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे, पेटीवर त्याच्या चिन्हाचे चित्र चिकटवलेले, आणि मतदाराने हातातला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. शिक्क्याची पद्धत सर्वत्र आली ती १९६२च्या सुमाराला.

म्हणजे प्रचाराचे निम्मे काम ‘कोणती पेटी’ हे शिकवण्याचे होते. काँग्रेसची बैलजोडी शेतकऱ्याच्या डोळ्यांना आपसूक ओळखीची. समितीचे मात्र असे, की पुण्यात गोऱ्यांसाठी झोपडीच्या पेटीत मत टाका, कुठे कम्युनिस्टांसाठी कणीस-विळ्याच्या, कुठे फेडरेशनसाठी हत्तीच्या, आणि मावळात दिव्याच्या. पुण्याच्या सभेत झोपडीचा जयजयकार ऐकून आलेल्या माणसाला घरी परतल्यावर दिवा शोधायचा होता. वेशीवरच्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. डिसेंबर १९५६मध्ये बाबासाहेब गेले, त्यांचा पक्ष समितीत राहिला. समितीच्या हिशेबाने या भागातली फेडरेशनची मतेसुद्धा संघाच्या माणसाच्या पेटीत पडायची होती. शेकापच्या शेतकऱ्याची, कम्युनिस्ट कामगाराचीही. दिव्याची पेटी नावाला जनसंघाची होती. आतल्या कागदांवर कोणाचीच सही नव्हती.

एवढे झाल्यावर म्हाळगींची स्वतःची पुंजी काहीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तळेगावला टिळकयुगापासून चालत आलेली एक वेगळी परंपरा होती. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथेच होते. इंग्रज सरकारने ते १९१०मध्ये बंद पाडले. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसाफंडाचा काच कारखाना इथलाच. राष्ट्रीय शिक्षण आणि स्वदेशी यांवर वाढलेली शिक्षक-वकील-व्यापारी मंडळी तळेगाव-लोणावळ्यात होती, आणि त्यांच्यात शाखेतून आलेल्या तरुण वकिलाला बसायला जागा होती. पण ही मंडळी तालुक्यात मूठभर. त्यांच्या बळावर नगरपालिकेची एखादी जागा निघाली असती, विधानसभेची नाही. कडूसच्या, म्हणजे पुणे जिल्ह्याच्याच मातीतल्या जन्माचा उपयोग झाला असेल तर तो एवढाच, की पेठेतला पाहुणा हा शिक्का थोडा पुसट झाला.

निकालाने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. कराडला यशवंतराव चव्हाण निसटते निवडून आले. पण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर ३९६पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेसनेच सरकार बनवले. विरोधी बाकांवर एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, आणि त्यांच्यात कुठेतरी मावळचे म्हाळगी.

इथे माझ्या मते या माणसाची खरी ओळख लागते. उसन्या लाटेवर आलेला आमदार दोन गोष्टी करू शकतो. लाट आपलीच होती असे मानून चालू शकतो, किंवा मतदाराने आपल्याला ओळखून मत दिलेले नाही हे जाणून ओळख मिळवायच्या मागे लागू शकतो. लोकप्रतिनिधीने वर्षभर काय केले, कोणते प्रश्न विचारले, कोणाची कामे झाली याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा जो पायंडा म्हाळगींच्या नावाने ओळखला जातो, तो मला दुसऱ्या जातीचा वाटतो. आज आमदारांचे कार्यअहवाल गुळगुळीत कागदावर निघतात. पानोपानी उद्घाटनांची छायाचित्रे. अहवालामागची मूळ कल्पना अगदी वेगळी होती. ती दुकानदाराच्या खतावणीच्या जवळची : तुमचे इतके देणे होते, इतके फेडले, इतके राहिले. त्यांच्या विचारसरणीशी माझे पटत नाही, कधी पटलेही नाही. पण हिशेब देण्याची ही खोड उजव्या-डाव्या कोणाकडेही फारशी दिसलेली नाही, हे लिहून ठेवायला हवे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ज्या मागणीने दिव्याची पेटी भरली ती मागणी पुरी झाली, आणि मागणीबरोबर समितीचे प्रयोजनही ओसरले. सतरंजीवरची माणसे आपापल्या घरी गेली. १९६२च्या निवडणुकीत २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या. जनसंघाला मिळाली शून्य. मावळ काँग्रेसकडे गेली. शेतकऱ्यांच्या नावावर जमिनी चढू लागल्या होत्या, सहकारी सोसायट्या आणि पंचायत समित्या आल्या, आणि काँग्रेसचा उमेदवार आता द्विभाषिकाचा समर्थक राहिला नव्हता. तो नात्यातला, गावातला, सोसायटीचे कर्ज मंजूर करणारा माणूस होता. पाच वर्षांपूर्वीच्या पेटीत जनसंघाची स्वतःची मते किती होती, याचे उत्तर त्या शून्यात आहे.

म्हाळगी पुढे १९६७ आणि १९७२मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आले, १९७७ आणि १९८०मध्ये ठाण्याहून लोकसभेवर गेले. १९८२मध्ये ते वारले. त्यांच्या विजयाच्या जागांकडे पाहा : पेठ आणि ठाणे. पक्षाला जिथे स्वतःचा मतदार होता तिथे तो माणूस सापडला. मावळ त्यांच्या चरित्रात पहिली आणि एकटी राहिली.

मावळात पक्ष परत आला तो १९७२मध्ये, आणि या खेपेला बाहेरच्या वकिलाच्या नव्हे तर तळेगावच्या कृष्णराव भेगडे यांच्या रूपाने. राज्यात इंदिरा लाट. काँग्रेसच्या २२२ जागा, जनसंघाच्या फक्त ५, आणि त्यात मावळ. हा विजय मला १९५७पेक्षा मोठा वाटतो, कारण तो लाटेविरुद्धचा आहे. पण त्यात पक्ष किती आणि भेगडे किती? १९७८मध्ये तेच कृष्णराव भेगडे काँग्रेसकडून मावळचे आमदार झाले. मतदारसंघ त्यांच्याबरोबर गेला. दिवा जिथे होता तिथेच राहिला.

पक्षाला मावळात सलग घर मिळाले ते १९९५मध्ये रूपलेखा ढोरे निवडून आल्यापासून. मग १९९९ आणि २००४ला दिगंबर भेगडे, २००९ आणि २०१४ला बाळा भेगडे. भाषा नाही, भूमिका नाही. गावकी-भावकी सांभाळणारा स्थानिक मराठा उमेदवार आणि त्यामागे चिन्ह. काँग्रेसने साठ वर्षांपूर्वी जे केले तेच, फक्त रंग बदलून. मधल्या काळात तालुक्याला एक खरा प्रश्न मिळालाही. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना आली, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर इथे आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन जण गेले. विरोधात असलेल्या भाजप-शिवसेनेने हा प्रश्न उचलला. कारखान्यांच्या शहराची तहान आणि धरणाकाठच्या गावांचा हक्क हा या पट्ट्यातला सर्वांत खोल झगडा आहे, आणि तो सत्ता बदलल्यावरही मिटलेला नाही. या झगड्यात मी नळाच्या टोकाला राहतो, हेही सांगून टाकतो.

त्याच पाण्यावर वाढलेल्या चिंचवडमध्ये उसनवारीचा दुसरा प्रकार दिसतो. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन जुन्या हवेलीतून चिंचवड, पिंपरी आणि भोसरी वेगळे झाले. चिंचवडला २००९मध्ये लक्ष्मण जगताप अपक्ष म्हणून निवडून आले, मूळचे राष्ट्रवादीचे. २०१४च्या लोकसभेला ते मावळातून चक्क शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते. हरले, आणि काही महिन्यांतच भाजपचे आमदार झाले. समितीतले दोन टोकाचे घटक, शेकाप आणि जनसंघाचा वारस, एका माणसाने एका वर्षात पार केले. १९५७मध्ये उजव्या पक्षाने लाट उसनी घेतली होती आणि त्यासाठी आपली एकात्म राज्याची भूमिका गिळली होती. २०१४मध्ये त्याने माणूस उसना घेतला. गिळायचे काही होते ते त्या माणसाने गिळले.

जगताप आजारपणात रुग्णवाहिकेतून विधानभवनात मतदानाला गेले होते. जानेवारी २०२३मध्ये ते वारले. पोटनिवडणुकीत पक्षाने त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उभे केले, आणि राष्ट्रवादीच्या नाना काटे यांच्यावर त्यांनी ३६ हजारांहून अधिक मतांनी मात केली. बंडखोर अपक्ष राहुल कलाटे यांनी ४४ हजारांवर मते घेतली. म्हणजे ती विरोधी मते एकत्र असती तर निकाल उलटला असता. २०२४मध्ये उमेदवारी मिळाली दिवंगत आमदारांचे बंधू शंकर जगताप यांना, आणि तेही जिंकले. प्रचार कोणत्या विचाराचा होता, हा प्रश्न तिन्ही वेळी कोणाला पडल्याचे दिसले नाही.

मावळात मात्र हा धंदा उलट्या बाजूने फिरला. २०१९मध्ये बाळा भेगडे राज्यमंत्री होते. भाजपची उमेदवारी न मिळालेले तळेगावचे सुनील शेळके ऐनवेळी राष्ट्रवादीत गेले आणि त्यांनी भेगड्यांना ९० हजारांहून अधिक मतांनी पाडले. २०२४मध्ये महायुतीच्या जागावाटपात मावळ घड्याळाकडे, शेळक्यांकडेच गेली. भाजपचे अनेक स्थानिक कार्यकर्ते अपक्ष बापू भेगडे यांच्या मागे उभे राहिले. शेळके एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले. त्या दिवशी मावळातल्या मतदान यंत्रांवर कमळाचे बटण नव्हते.